न पोळणारा हात

लोकर दाबून घट्ट जमवायची म्हणजे तिचे हाल करावे लागतात. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका घ्यायचा, साबणाच्या कढत पाण्यात बुडवायचा आणि दोन्ही तळहातांत फिरवत राहायचं. बेसनाचे लाडू वळतो तसंच, फक्त वेळ दसपट. हळूहळू तंतू एकमेकांत अडकतात, पुंजका आक्रसतो आणि शेवटी बोराएवढा घट्ट मणी हातात येतो. पाणी जितकं गरम तितका मणी पक्का. कोमट पाण्यात वळलेला मणी चार दिवसांत केस सोडायला लागतो आणि गिऱ्हाईक तो नाकासमोर धरून परत घेऊन येतं. हे पाण्याचं आधीच सांगून ठेवते, कारण आमची चूक तिथेच झाली.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नागपूरच्या एका शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या. पुढे त्यांचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा हे जाऊन त्यांना भोपाळला घेऊन आले. आम्ही सोनागिरीत राहतो. ह्यांची नोकरी कारखान्यातली, त्या नोकरीनं आम्हाला इथे आणलं आणि इथलंच करून टाकलं. ताई आल्या तेव्हा मला आनंद झाला नव्हता, हे कबूल करते. माझं घर, माझा ओटा, माझी शिस्त. मी पुण्याकडची, तोंडानं फटकळ. त्या सावकाश बोलणाऱ्या आणि सगळं ऐकून घेणाऱ्या, त्यामुळे भांडायलासुद्धा समोरून काही मिळायचं नाही. दारात चपला काढतानाच त्या म्हणाल्या होत्या, "हे बघ, मी बसून खाणार नाही. हात चालतात तोवर हातांचं खाईन." मला वाटलं, बोलायची पद्धत असते. पण त्यांनी ते अगदी शब्दशः म्हटलं होतं.

तेव्हा मी लोकरीची चित्रं करायचे. चटईवर रंगीत लोकर पसरायची, पाणी मारायचं, लाटायचं आणि भिंतीवर टांगण्याजोगा तलाव तयार. भोपाळमध्ये तलावाचं चित्र कोण विकत घेणार, खिडकीतून फुकट दिसतो. ताईंनी महिनाभर माझे तलाव निमूटपणे बघितले आणि एक दिवस म्हणाल्या, "हे गोधडीला ठिगळ लावल्यासारखं दिसून राहिलं गं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पुढ्यात लोकरीची बोरमाळ ठेवली. गर्द लाल मणी, मधे बारीक पितळी मणी, मागे रेशमी गोंडा. इतकी सुंदर होती की माझा राग तिथेच संपला.

त्यानंतर आमचा खरा धंदा सुरू झाला. बोरमाळ, ठुशी, कानातले, अंबाड्यात खोवायची फुलं. जवाहर चौकातल्या एका बाईंनी त्यांच्या दुकानात आमच्यासाठी एक कप्पा दिला. प्रदर्शनांत आम्ही दोघी टेबल लावायला लागलो. मी बोलायचे, ताई करून दाखवायच्या. हिंदी बोलणाऱ्या बायका विचारायच्या, "ये क्या चीज़ है?" आणि मराठी बायका लांबूनच ओळखून यायच्या.

पण आमचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे हलव्याचे दागिने. संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून आणि बाळाला बोरन्हाणाला बसवून अंगावर हलव्याचे पांढरे दागिने घालतात, तेच ताईंनी पांढऱ्या लोकरीत केले. खऱ्या हलव्याच्या दाण्यावर काटा असतो, तो त्या लोकरीच्या दाण्यावर सुईनं काढायच्या. ही सुई साधी नसते, तिच्या अंगाला बारीक खाचा असतात. टोचली की त्या खाचा तंतू आत ओढून नेतात, आणि बोटात घुसली तर काय ओढून बाहेर काढतात ते ज्याचं त्याला माहीत. मी जुन्या पर्सच्या चामड्याच्या टोप्या शिवून बोटांवर चढवायचे आणि दाणा जाड स्पंजावर ठेवून टोचायचे. ताईंना स्पंज लागायचा नाही. दाणा सरळ बोटांच्या चिमटीत धरून त्या टोचत बसायच्या, त्यामुळे त्यांचा काटा माझ्यापेक्षा कितीतरी नाजूक यायचा.

"ताई, लागत नाही?"

"कुठे लागतं?"

पाण्याचंही तेच. मी पातेल्यात बोट घालून लगेच बाहेर काढायचे. त्या मनगटापर्यंत हात घालायच्या आणि म्हणायच्या, "अजून थोडं तापव." आमच्याकडे पाण्याचं माप म्हणजे ताईंचा हात होता. आणि याला कारणही आम्ही छान शोधून ठेवलं होतं. नागपूरला त्या वर्षानुवर्षं घरी हलवा करायच्या. परात निखाऱ्यावर ठेवून, पळी पळी पाक घालत, बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत बसायचं, तासन् तास. हलवा करणाऱ्या बाईची बोटं भाजून भाजून तयार होतात, असं सगळ्याच म्हणायच्या. मीही म्हणायचे. प्रदर्शनात तर ते माझं ठरलेलं वाक्य होतं, "इनके हाथ को गरम लगता ही नहीं." बायका कौतुकानं बघायच्या. एका मुलीनं वाफाळत्या पाण्यातल्या त्या हातांचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, तो कुठे कुठे फिरला आणि आमच्या ऑर्डरी वाढल्या. ताई लाजल्या, पण मनातून खूश झाल्या होत्या. पोळी तव्यावरून बोटांनी उलटताना माझ्याकडे मुद्दाम बघायच्या.

आता आठवायला बसलं की सगळं आठवतं. पांढऱ्या लोकरीवर कधीकधी मोहरीएवढा लाल डाग असायचा आणि मी त्यांच्यावर चिडायचे, की पांढऱ्या कामात हात स्वच्छ नको का. उजव्या कोपराखाली त्यांच्या कातडीवर फिकट चट्टा होता, तो मी साबणाच्या नावावर घातला. करंगळी जरा वाकून राहायला लागली होती, ती वयाच्या नावावर. हातातून सुई पडली तर त्यांना ती पडल्याचा आवाज आल्यावरच कळायचं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी मणी मोजत होते.

डिसेंबरच्या प्रदर्शनात एक बाई टेबलापाशी आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. दागिन्यांकडे त्यांनी बघितलंच नाही, ताईंच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माताजी, ज़रा हाथ दिखाइए." ताईंनी ओला हात पुसून पुढे केला. बाईंनी आमच्याच ढिगातून लोकरीची एक बारीक बट ओढली, टोकाला पीळ दिला आणि म्हणाल्या, "आँखें बंद कीजिए. मैं जब भी छूऊँ, हाँ बोलिए."

ताईंनी डोळे मिटले. चेहऱ्यावर खेळात सामील झाल्यासारखं हसू होतं. बाईंनी ती बट करंगळीच्या टोकाला लावली. मग करंगळीच्या मुळाशी. मग अनामिकेला, तळहाताच्या कडेला, पुन्हा करंगळीला. प्रत्येक स्पर्श मला दिसत होता. ताई डोळे मिटून तशाच हसत बसल्या होत्या.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "शुरू कीजिए ना."

माझा स्वभाव असा की भीती वाटली की आधी राग येतो. मी त्या बाईंना म्हटलं, की आपल्याला काही घ्यायचं नसेल तर मागे गिऱ्हाइकं उभी आहेत. त्या चिडल्या नाहीत. मी त्वचेची डॉक्टर आहे, म्हणाल्या, आणि एका कागदावर सरकारी दवाखान्यातली त्यांची खोली आणि वार लिहून दिला. "नस का मामला लगता है. इसी हफ़्ते आइए, टालिएगा मत." मी तो कागद टाचण्यांच्या डबीत टाकला.

घरी येताना रिक्षात ताईंनी विचारलं, "जायचं का गं त्यांच्याकडे?"

मी म्हणाले, "रथसप्तमी होऊ दे, ताई."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, तोपर्यंत आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. चौदा जणींचे पूर्ण संच द्यायचे होते, शिवाय बोरन्हाणाचे मुकुट आणि बासऱ्या. हे खरंच आहे. पण बाकी कुणाच्या हाताला असं काही झालं असतं, माझ्या मुलीच्या म्हणा, तर मी रथसप्तमी बघितली असती का? ताईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर गेले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

संक्रांतीच्या आधी चार दिवस त्यांच्या तळहाताला मोठा फोड आला. पाणी मीच तापवलं होतं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे "अजून थोडं" म्हटलं होतं. फोड आला तरी त्यांना पत्ता नव्हता, मला दिसला तेव्हा त्यांनी बघितला. मी मलम लावलं, पट्टी बांधली. त्या पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मणी वळत राहिल्या आणि मी त्यांना थांबवलं नाही. ऑर्डरी वेळेवर गेल्या. सगळ्यांना फार आवडल्या.

रथसप्तमी झाल्यावर, म्हणजे त्या प्रदर्शनानंतर दीड महिन्यानं, आम्ही दवाखान्यात गेलो. त्याच डॉक्टर. त्यांनी आधी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ताईंचं कोपर चाचपून आतली नस बोटांनी दाबली, चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवून बघितलं, कातडीचा नमुना घेतला. पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला बसवून सरळ सांगितलं. कुष्ठरोग. बरा होतो, औषध फुकट आहे, वर्षभर घ्यायचं. कुणालाही होऊ शकतो, यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या डोसानंतर दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. भांडी, कपडे, अंथरूण, काहीही वेगळं करायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आमच्या लहानपणी या रोगाचं नाव घरात घेत नसत. मोठी माणसं फक्त भुवया उंचावायची. मी ताईंकडे बघायचं टाळलं. ताईंनी एकच विचारलं, "सुई पकड़ पाऊँगी?"

डॉक्टर म्हणाल्या, "आँख से देखकर पकड़िए. गरम पानी बंद. जो हिस्सा सुन्न है, वह शायद न लौटे. जो बचा है उसे बचाएँगे."

मी विचारलं, त्याच आठवड्यात आलो असतो तर. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "पता नहीं." मला हो किंवा नाही, काहीही चाललं असतं.

घरातल्या सगळ्यांना तपासून एकेक डोस दिला. परत येताना रिक्षात ह्यांनी बहिणीचा पट्टीचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मी पलीकडे बसून बाहेर बघत होते.

औषधानं ताईंचा रंग काळवंडला. शेजारणींना आम्ही उन्हाचं सांगितलं, दुकानवाल्या बाईंना हात दुखण्याचं. ताई कोमट पाण्यात मणी वळायला शिकल्या, म्हणजे तेवढ्याच पक्क्या मण्याला तिप्पट वेळ लावायला शिकल्या. सुईच्या कामाला मी त्यांना चामड्याच्या टोप्या शिवून दिल्या. करंगळी आणि अनामिका आता काही धरत नाहीत, ताई तीन बोटांवर काम करतात, डोळे दाण्यापासून न हलवता. पूर्वी गप्पा मारत टोचायच्या, आता गप्पा बंद झाल्या. दिवसभरात पूर्वीच्या पाव हिस्साही काम होत नाही. तरी सकाळी आंघोळ झाली की चटईवर येऊन बसतात. त्यांना भीती त्या रोगाची नव्हती. आयतं खायची वेळ येईल, ही होती, आणि मला ते माहीत होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, मी स्वतः तो डोस घेतला होता, मोबाईलवर सगळं वाचूनही काढलं होतं. आणि तरीही घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्टीलच्या सहा पेल्यांतल्या एकाच्या बुडाला नेलपॉलिशचा लहानसा लाल ठिपका लावला. तो पेला ताईंचा. ताट-वाटी त्या स्वतःची स्वतः घासायच्या, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. कुणाला दिसणार नाही, कुणाचं मन दुखावणार नाही, असं मला वाटलं. स्वतःच्या हुशारीचं समाधानही वाटलं, हेही लिहून टाकते.

तीन महिने ते असंच चाललं. मी विसरले तरी ताईंच्या हातात नेमका तोच पेला असायचा, आणि हे कसं होतं याचा मी कधी विचार केला नाही.

मग एका दुपारी हे बाहेरून आले, उन्हानं लाल झालेले. ओट्यावरचा हाताला लागला तो पेला उचलून माठातलं पाणी घेतलं. मला बुडाचा ठिपका दिसला. "तो नको," असं म्हणत मी पेला त्यांच्या हातातून ओढलाच. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ह्यांना काहीच कळलं नाही, ते विचारत राहिले, का, काय पडलंय त्यात? मागे दारात ताई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या ह्यांना म्हणाल्या, "चहा ठेवलाय तुझा, थंडा होऊन राहिला," आणि आत निघून गेल्या.

त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आजवर कशाची वाटली नाही. मी कापसावर नेलपॉलिश काढायचं औषध घेतलं आणि ठिपका घासून घासून काढला. सहाही पेले एकसारखे करून पालथे घातले. वाटलं, संपलं.

पाचव्या दिवशी सकाळी पेले घासताना एकाच्या बुडाला पुन्हा ठिपका दिसला. मी लावला होता त्याच्या दुप्पट, कडेला ओघळलेला, ज्याच्या बोटांना बाटलीतला कुंचला धड धरता येत नाही त्यानं लावलेला.

ताई चटईवर लोकर पिंजत बसल्या होत्या. मी पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "ताई, हे तुम्ही लावलंत?"

"हो ना. माझा कोणता ते ओळखूच येईना."

"अहो, मी तो मुद्दाम पुसला होता. तो लावला तीच माझी चूक होती, ताई."

त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली. चिडलेल्या नव्हत्या, तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. शाळेतल्या मुलीला उसवलेली शिवण दाखवावी तसं शांतपणे म्हणाल्या, "चूक नाही गं. पण तू ठिपका पुसला तेव्हापासून रोज सहाही पेले उकळून राहिली. काहून एवढा गॅस जाळतेस? माझा एकटीचाच उकळ ना."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. शेगडीवर पातेलं होतं आणि त्यात पाच पेले एकमेकांवर आपटत होते. ते मी कधी चढवले, ते मला खरंच आठवत नव्हतं.